खंडूचा पार्ट

ढमेवाडीत माणसाला वारशानं तीन गोष्टी मिळतात: जमीन, आडनाव आणि नाटकातला पार्ट. पहिल्या दोन्हींची नोंद तलाठ्याकडं होते. तिसरीची नोंद नाटक बसवणाऱ्या मारुतरावांच्या वहीत असते आणि तिच्यात फेरफार करून घेणं तलाठ्यापेक्षाही अवघड आहे.

राहू गावाच्या पुढं, भीमेच्या अलीकडच्या काठाला असलेल्या या वाडीत दर यात्रेला एकच नाटक होतं. ‘जोडीचं औत’. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शाळेतल्या एका गुरुजींनी ते लिहिलं. गुरुजी बदलीवर गेले, नाटक वाडीतच राहिलं. धर्मा आणि खंडू हे दोन जिवलग मित्र. दुष्काळात खंडूचे बैल जातात, पेरणी तोंडावर येते, आणि खंडू धर्माच्या दारात जाऊन एक बैल मागतो. धर्मा एक मागितला असता दोन देतो. खंडू त्याच्या पायावर पडतो, धर्मा त्याला उठवून छातीशी धरतो, पडदा पडतो, बाया डोळ्यांना पदर लावतात. धर्माचा पार्ट हौशीरामच्या घरचा आणि खंडूचा रोहिदासच्या घरचा. आधी दोघांचे बाप करायचे, गेली बावीस वर्षं हे दोघं करत होते.

बावीस वर्षांत रोहिदासनं बावीसदा बैल मागितला होता. टाळी मात्र प्रत्येक वेळी हौशीरामला पडली. धर्मानं “एक कशाला? दोन्ही घेऊन जा!” म्हटलं की मांडव दणाणायचा. खंडूच्या वाट्याला यायची ती लोकांची हळहळ, आणि ती वर्षभर पुरायची. किराणा दुकानात गेलं की दुकानदार विचारायचा, “काय खंडूशेठ, आज काय मागता?” सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा समोरच्या पार्टीनं फक्त एवढंच पसरवलं की खंडू मत मागायला आलाय, द्या बिचाऱ्याला. लोकांनी दिली नाहीत. लेक कासुर्डीला दिली, तर तिथं विहिणीनं हळदीच्या मांडवात शेजारणीला सांगितलं, “ते मागणारे हायेत ना, तेच हे.”

गेल्या यात्रेला रोहिदासचा बांध फुटला. नाटक संपल्यावर तोंडाचा रंग पुसता पुसता तो म्हणाला, “हौशा, पुढल्या वर्षी मी धर्मा करतो. तू खंडू कर.”

“पार्ट घरचा हाय,” हौशीराम म्हणाला. “बापानं दिलेला पार्ट असा बदलत न्हाईत.”

“बापाचं सांगू नको. तुझा बाप दर सालाला आमच्याकडं बियाणं मागायला यायचा. खरं मागायचं तुझ्या बापानं, आन् स्टेजवर मागायचं माझ्या.”

त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. शाळेत एका बाकावर बसलेले, एका दिवशी लग्न झालेले हे दोन गडी रस्त्यात समोरासमोर आले की एक जण मोबाईल बघायचा आणि दुसरा आभाळ.

एवढ्यावर भागलं असतं. पण रोहिदासचा दीड एकर आडसाली ऊस ओढ्याच्या अंगाला होता, आणि त्या रानातून गाडी बाहेर काढायला एकच वाट होती: हौशीरामच्या रानाच्या कडेनं बारा फूट. कागदावर ती नव्हती. हौशीराम दर साली तेवढी पट्टी पेरायची सोडायचा, रोहिदासची गाडी तिथून जायची, आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. या साली डिसेंबरात हौशीरामनं त्या बारा फुटांत कांद्याची लागण केली.

रोहिदास बांधावर उभा राहून ती लागण बघत होता. हौशीराम वाफ्यात वाकून बसला होता. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. कांदा मात्र छान लागला.

फेब्रुवारीत उसाला तुरे आले. कारखान्याची ऊसतोड टोळी वाडीत उतरली होती. मुकादम भैरू बीडकडचा, तोंडात कायम तंबाखू. तो येऊन रान बघून गेला.

“मालक, मंगळवारी तुमचा नंबर. पण गाडी आत कुठून घालू?”

“करतो कायतरी.”

“कायतरी न्हाई, वाट करा. मंगळवारी वाट नसली तर टोळी पुढच्या रानात जाईल. मग तुमचा नंबर कवा येईल ते मला ठावं न्हाई. तुरा आलेला ऊस हाय, रोज वजनानं हलका व्हायला लागलाय.”

रोहिदासच्या बायकोनं, कुशाबाईनं, हे चुलीपाशी बसून ऐकलं. “जा आन् मागा की,” ती म्हणाली.

“मागणार न्हाई.”

“बावीस वर्सं मागताय.”

“ते नाटकात.”

“मग नाटकातच मागा. रविवारी हायेच की शिरूरला.”

ती हे चिडून बोलली होती. रोहिदासच्या डोक्यात मात्र ते जाऊन बसलं.

रविवारचं असं होतं की, शिरूरला एका मंडळानं ग्रामीण नाटकांची स्पर्धा भरवली होती. शेतीवरचं नाटक, वेळ पन्नास मिनिटं, तीन परीक्षक. ढमेवाडीचं नाटक वाडीबाहेर पहिल्यांदाच चाललं होतं, आणि त्याचं सगळं श्रेय मारुतरावांना होतं. मारुतराव कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतून एकतीस वर्षांनी ऑपरेटर म्हणून रिटायर झाले होते. तालीम ते शिफ्टसारखी चालवायचे. हजेरी घ्यायचे, उशिरा येणाऱ्याला लाल शेरा द्यायचे, आणि रोज सुरुवातीला एकच सूचना करायचे: “संवाद म्हंजी पाइपलाइन. मधीच कुणी स्वतःचा व्हॉल्व्ह बसवायचा न्हाई. बसवला की स्फोट.”

ही सूचना हौशीरामला करायची गरज नव्हती. बावीस वर्षांत त्यानं स्क्रिप्टबाहेर एक शब्द उच्चारला नव्हता. एका साली स्टेजवर कुत्रं चढलं, तेव्हाही त्यानं त्याला हाकललं नाही, कारण तसं लिहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षभरात तालमीत तो रोहिदासला “मैतरा, तुझ्यासाठी जीव देईन” म्हणायचा, मारुतरावांनी “कट” म्हटलं की पायात चप्पल घालून घरी जायचा.

रोहिदासचा बेत साधा होता. तिसऱ्या प्रवेशात बैलाऐवजी वाट मागायची. समोर पाचशे माणसं. हौशा धर्माच्या कपड्यात. धर्मा नाही कसं म्हणेल? आणि मागितली ती खंडूनं, रोहिदासनं नाही. अब्रू शाबूत, ऊस बाहेर.

रविवारी सकाळी दोन पिकअप निघाले. हौशीराम पहिल्यात बसला म्हणून रोहिदास दुसऱ्यात बसला. भीमेचा पूल ओलांडताना त्यानं मनातल्या मनात वाक्य चार वेळा म्हणून बघितलं. कुशाबाई शेजारी डब्यावर हात ठेवून बसली होती. तिनं विचारलं, “ओठ कशाला हलवताय?”

“पाठांतर.”

“बावीस वर्सांनी?”

शिरूरच्या हॉलमध्ये पंखे होते, खुर्च्या होत्या आणि प्रत्येक नटाच्या छातीला लावायला कॉलर माईक होते. वाडीच्या मांडवात एकच माईक वरून टांगलेला असतो आणि नट त्याच्याखाली येऊन बोलतो. मारुतरावांना कॉलर माईक फार आवडले. बैल स्टेजवर नेणं शक्य नव्हतं. हल्ली सबंध वाडीत एकच जोडी उरलीय. तेव्हा हंबरण्याचा आवाज त्यांनी मोबाईलमध्ये भरून आणला होता. स्क्रिप्ट हातात घेऊन ते विंगेत स्टुलावर बसले.

साडेअकराला पडदा उघडला. पहिले दोन प्रवेश घड्याळासारखे गेले. तिसरा सुरू झाला. धर्माचं दार, बाहेर दावणीचा खुंटा. रोहिदास डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन आला. लिहिलेलं वाक्य होतं, ‘धर्मा, पेरणी तोंडावर आली. दोन दिवस एक बैल दे.’

रोहिदास म्हणाला, “धर्मा, उसाची तोड तोंडावर आली. तुझ्या रानातनं माझ्या गाडीला वाट दे.”

विंगेत मारुतरावांच्या हातातलं पान फाटलं.

हौशीरामनं रोहिदासकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग छाती भरून, बावीस वर्षांच्या सवयीनं, त्यानं पुढचं वाक्य टाकलं.

“एक कशाला? दोन्ही घेऊन जा!”

वाडीची माणसं पाचव्या ओळीत बसली होती. तिथून कुणीतरी फिसकन हसलं.

“बैल नको,” रोहिदास म्हणाला. “वाट पाहिजे. बारा फूट.”

“हरण्याला जरा पेंड जास्त लागती,” हौशीराम म्हणाला.

“पेंड ऱ्हाऊ दे तिकडं. कांद्यातनं वाट दे.”

“आन् पवळ्या उजवीकडं ओढतो. त्याला डावीकडं जुंप.”

आता सगळा हॉल हसत होता. हौशा नकार देत होता की स्क्रिप्ट पुरी करत होता, ते रोहिदासला मात्र कळेना. हौशाचा चेहरा होताच तसा, नाटकातही तसाच आणि बांधावरही तसाच. मारुतरावांनी गडबडीत मोबाईलचं बटण दाबलं. बैल दोनदा हंबरला. त्यानं काही फायदा झाला नाही.

पुढचं वाक्य रोहिदासचं होतं. पण तो पाइपलाइनच्या बाहेर पडला होता आणि परत आत कुठून शिरायचं हे त्याला आठवेना. तोंड उघडं राहिलं. पाच सेकंद गेले, दहा गेले.

हौशीरामला स्टेजवरची शांतता सहन होत नाही. लिहिलेलं वाक्य कुणीतरी म्हटलंच पाहिजे, असा त्याचा स्वभाव. कुणी म्हणेना, तेव्हा त्यानंच म्हटलं. खंडूचं वाक्य, खंडूच्या हेलात.

“धर्मा, तू माणूस न्हाईस रं, देव हायेस!”

आणि त्या वाक्यानंतर कंसात ‘पायावर पडतो’ असं लिहिलंय, म्हणून तो रोहिदासच्या पायावर पडला.

विंगेत मारुतराव स्टुलावरून उठले आणि परत बसले. रोहिदासनं खाली बघितलं. बावीस वर्षं तो जिथं असायचा तिथं हौशीराम होता. आणि त्याच्या तोंडातून, त्यानं न ठरवता, धर्माचं वाक्य बाहेर पडलं. बावीस वर्षं पायापाशी बसून ऐकलेलं. “ऊठ येड्या! मैतराच्या पाया पडत्यात व्हय?”

हॉल एकदम गप्प झाला. रोहिदासनं हॉलकडं बघितलं. हेच ते वाक्य. इथं टाळी पडते.

टाळी पडली नाही, कारण लोक खंडू उठायची वाट बघत होते. आणि खंडू उठत नव्हता.

रोहिदासनं वाकून त्याच्या काखांत हात घातले. “ऊठ की,” तो पुटपुटला.

“उठता येईना. गुडघा धरला,” हौशीराम पुटपुटला. दोघांच्या छातीला कॉलर माईक आहेत, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. पुटपुटणं हॉलच्या चारी कोपऱ्यांतून नीट ऐकू येत होतं.

“कवापासनं?”

“संक्रांतीपासनं. तू बोलतोस कुठं, कळायला?”

“तू बोलतोस?”

“उठव आधी.”

रोहिदासनं त्याला अर्धा उचलला आणि तिथंच थांबला. “आधी वाट.”

“इथं?”

“मग कुठं? तीनदा मागितली आत्ता. पेंड सांगत बसलास.”

“ती खंडूनं मागितली,” हौशीराम म्हणाला. कळ मारत होती, त्यामुळं आवाज बारीक झाला होता. “खंडूला बैल द्यायचा असतो, तो दिला. तू कवा मागितलीस? डिसेंबरात मी तुझ्यासमोर कांदा लावला. सबंध दिवसभर लावला. दोन तासांचं काम हाय ते. म्हटलं, आता म्हणंल, हौशा वाट ठेव. तू नुसता बांधावर उभा.”

रोहिदासनं त्याच्या काखेतली पकड बदलली.

“पाय लई दुखतोय रोह्या,” हौशीराम म्हणाला. “आन् इथनं वर बघून मागायला लई जड जातं. बावीस वर्सं कसं केलंस रं तू?”

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ना दुकानदारानं, ना विहिणीनं. रोहिदासनं हात आणखी खोल घातले, हौशीरामला पुरता उचलून उभा केला आणि त्याचं वजन स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मग वाट न ठरवता उचलला म्हणून स्वतःवरच चिडला. आणि मग त्यानं मागितलं.

“हौशा, खंडू न्हाई, मी मागतोय. मी, रोहिदास. मंगळवारी टोळी येती. बारा फूट वाट दे.”

“दिली,” हौशीराम म्हणाला. “पण कांदा उपटायला तू यायचं. मला वाकता येत न्हाई.”

“येतो.”

“वहिनीलाबी आण. तुझं उपटणं धसमुसळं असतंय.”

पाचव्या ओळीतून कुशाबाई ओरडली, “येते हो भावजी!”

तेव्हा या दोघांना कळलं की सगळा हॉल ऐकतोय. मारुतरावांनी पडदा टाकला. पडद्यापलीकडं टाळ्या सुरू झाल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. मारुतरावांनी त्या घड्याळावर मोजल्या नाहीत, कारण ते वहीत लिहीत होते: ‘इन्सिडेंट एक. जखमी एक गुडघा. कारण: व्हॉल्व्ह.’

निकाल चार वाजता लागला. परीक्षकांपैकी एक जण पुण्याहून आले होते. त्यांनी भाषणात सांगितलं की, तिसऱ्या प्रवेशात देणारा आणि मागणारा यांची अदलाबदल करण्याचं धाडस आपण व्यावसायिक रंगभूमीवरही पाहिलेलं नाही, आणि बैलाच्या जागी वाट आणून लेखकानं जुनं नाटक आजच्या शेतीला भिडवलं आहे. मारुतरावांनी उभं राहून नमस्कार केला. नाटकाला दुसरा नंबर मिळाला.

मग वैयक्तिक बक्षिसं. “उत्कृष्ट अभिनेता,” निवेदकानं वाचलं, “मित्राच्या पायाशी कोसळलेला खंडू, ज्यानं सभागृहाला रडवलं...”

हौशीराम खुर्चीचा हात धरून उठायला लागला.

“...श्री. रोहिदास!”

यादीत तसंच होतं. खंडू म्हणजे रोहिदास, असं मारुतरावांनी फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलेलं. हौशीराम अर्धा उठला होता, तो तसाच अवघडून राहिला. रोहिदासनं त्याला दंडाला धरून पुरता उठवलं आणि दोघं बरोबर स्टेजवर गेले. पाहुण्यांनी सर्टिफिकेट एकाच्या हातात दिलं, हात दुसऱ्याशी मिळवला आणि फोटो तिघांचा निघाला.

खाली आल्यावर रोहिदास म्हणाला, “काम तू केलंस. घे.”

“नाव तुझं हाय.”

“बावीस वर्सं टाळी धर्माला पडती म्हणून मी भांडलो,” रोहिदास म्हणाला. “आज धर्मा झालो, तर बक्षीस खंडूला.”

“आपल्या गुरुजींचं नाटकच तसलं हाय,” हौशीराम म्हणाला.

कुशाबाईनं सर्टिफिकेट दोघांच्याही हातातून काढून डब्याच्या पिशवीत घातलं. “खंडूचा पार्ट आमच्या घरचा. तो कागद आमच्या भिंतीला लागंल,” ती म्हणाली. विषय संपला. परतताना दोघं एकाच पिकअपमध्ये बसले. हौशीरामला गुडघा आडवा ठेवायला जागा लागते म्हणून रोहिदास शिरूरपासून वाडीपर्यंत सर्टिफिकेटच्या पिशवीवर बसून आला.

सोमवारी सकाळी सातला कांदा उपटायला सुरुवात झाली. लिंबाएवढा झाला होता, पात हिरवीगार. हौशीराम बांधावर खुर्ची टाकून बसला आणि सूचना देत राहिला. कुशाबाईनं आणि हौशीरामच्या बायकोनं जुड्या बांधल्या. पातीचा कांदा म्हणून दौंडच्या बाजारात त्या दुपारपर्यंत संपल्या. बारा फूट रान मोकळं झालं, उलट साडेबारा झालं, कारण रोहिदासचं उपटणं खरंच धसमुसळं होतं.

मंगळवारी भैरूची टोळी आली. दुपारी तीनला पहिली भरलेली गाडी ट्रॅक्टरमागं डुलत त्या वाटेनं निघाली. रोहिदास पुढं चालत ड्रायव्हरला हात करत होता. हौशीराम बांधावरच होता. गाडी त्याच्यासमोर आली तेव्हा त्यानं हाक मारली.

“रोह्या, ऐक की.”

“बोल.”

“रविवारी यात्रा हाय.”

“हाय की.”

हौशीरामनं घसा साफ केला. उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं, परत खांद्यावर टाकलं. ट्रॅक्टर धडधडत उभा होता. “म्हटलं,” तो म्हणाला, “खंडू मी करू का या साली?”

हौशा स्वतः आपल्याकडं काही मागतोय, हे पहिल्यांदाच घडत होतं आणि रोहिदासला ते नीट ऐकायचं होतं.

“काय म्हणालास? ट्रॅक्टरमुळं ऐकू आलं न्हाई.”

“खंडूचा पार्ट दे म्हटलं!”

“पार्ट घरचा हाय,” रोहिदास म्हणाला. “बापानं दिलेला.”

हौशीराम त्याच्याकडं बघत राहिला. तोच चेहरा, काही न हलणारा. मग त्याच्या मिशीचं एक टोक हललं.

“आन् गुडघ्याचं काय?” रोहिदासनं विचारलं.

“तू हायेस की उठवायला.”

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. मागं दुसरी गाडी भरून उभी होती. रोहिदासनं पुढं व्हायचा हात केला आणि ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडला, “तालमीला साडेपाचला ये! उशीर झाला तर लाल शेरा!”